पिन बसली म्हणजे पेडल जुळलं असं नाही

कीबोर्ड शिकायला लागून चारेक महिने झाले होते. दोन्ही हात बऱ्यापैकी चालत होते, पण एका कॉर्डवरून, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या एका गटावरून, दुसरीवर जाताना मध्ये खाच पडायची. बोटं उचलली की सूर तिथंच संपायचा. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हे हातानं सुटणार नाही, आता पेडल घे." त्याच आठवड्यात मी सस्टेन पेडल, म्हणजे बोटं उचलल्यावरही सूर लांबवणारं पेडल, घेऊन आले. चालू कीबोर्डच्या मागं पिन घातली, ती खट्कन बसली, आणि मी आनंदानं वाजवायला बसले.

पाय पेडलवर नव्हता, तरी सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट झाला. पेडल दाबलं तर आवाज एकदम कोरडा. सगळं उलटं! ती संध्याकाळ मी पिन काढून पुन्हा घालण्यात घालवली आणि पेडल खराब निघालं असं ठरवून झोपले. पेडल पूर्णपणे ठीक होतं. नवीन शिकणाऱ्या कितीतरी जणांना याच जागी अडकलेलं मी नंतर पाहिलं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

साधं सस्टेन पेडल म्हणजे पायानं दाबायचा स्विच. आत दोन तारा असतात. कीबोर्डला फक्त एवढंच कळतं की त्या तारा जुळलेल्या आहेत की सुटलेल्या. काही पेडलांत पाय नसताना तारा सुटलेल्या असतात आणि दाबल्यावर जुळतात, याला नॉर्मली ओपन म्हणतात. काहींत बरोबर उलट, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड. सगळ्या कंपन्यांनी एकच पद्धत धरलेली नाही, आणि बाहेरून दोन्ही पेडलं हुबेहूब सारखी दिसतात. याच फरकाला पोलॅरिटी म्हणतात.

वायरिंगचं काम करणाऱ्या एका मित्रानं दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर आणला. तारा जुळलेल्या असल्या की बीप वाजते, अशा सेटिंगवर ठेवून एक टोक पिनच्या अगदी टोकाला लावलं, दुसरं मागच्या लांब भागाला. पाय वर, तर बीप चालू. पेडल दाबलं, बीप बंद. पेडल नॉर्मली क्लोज्ड होतं, आणि माझा कीबोर्ड उलट्या पेडलाच्या हिशेबानं चालला होता.

उपाय मात्र मॅन्युअलच्या एका ओळीत होता: पेडल आधी जोडा, मग कीबोर्ड चालू करा, आणि चालू होताना पाय पेडलवर ठेवू नका. बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडलाची स्थिती बघतात आणि ती 'न दाबलेली' असं धरून चालतात. मी चालू कीबोर्डला पेडल लावलं होतं, त्यामुळं ही तपासणी झालीच नव्हती. बंद करून चालू केल्यावर सगळं सरळ झालं. प्रत्येक कीबोर्ड असं करत नाही. काहींत मेनूमध्ये पोलॅरिटी बदलता येते, काहींत ती सोयही नसते. अशा वेळी पेडलाच्याच अंगावर पोलॅरिटीचा छोटा स्विच असलेलं घ्यावं. माझं मत विचाराल तर पहिलं पेडल तसंच घ्या. पुढं कीबोर्ड बदलला तरी ते कामी येतं.

पिनेचा आकारही एकदा बघून घ्या. पेडलाची पिन सहसा ६.३५ मिमीची, जाड असते. काही लहान कीबोर्डांना पेडलाचं सॉकेटच नसतं. हेडफोनचं सॉकेट तसंच दिसतं म्हणून पेडल त्यात घालू नका.

थोडं पुढं गेलात की हाफ पेडल हा शब्द कानावर येईल. साध्या स्विचला दोनच गोष्टी कळतात, दाबलं किंवा सोडलं. मिडीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना सूचना पाठवतात त्या भाषेत, सस्टेनचा कंट्रोल क्रमांक ६४ आहे आणि त्याची किंमत ० ते १२७ असते. साधं पेडल फक्त दोन टोकं पाठवतं, हाफ पेडल मधल्या किंमतीही पाठवतं, त्यामुळं सूर थोडासाच लांबवता येतो. पियानोचा आवाज मनापासून वाजवणाऱ्याला हा फरक पायाखाली जाणवतो. पण कीबोर्डला ते समजत असेल तरच उपयोग. यामाहाचं एफसी ३ए अशा कामासाठीच आहे, तर एफसी ५ साधा स्विच आहे. रोलँडच्या डीपी-१० वर दोन्हींमधली निवड करायला स्विच दिलेला आहे.

एक्स्प्रेशन पेडल ही वेगळीच जात. ते वर-खाली करून आवाज हळूहळू चढवायचा-उतरवायचा, स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनसारख्या वाद्यांचे आवाज, वाजवताना तर ते हवंच. त्यात स्विच नसून फिरणारा रेझिस्टर, म्हणजे विजेला कमी-जास्त अडवणारा भाग, असतो, आणि पिनवर दोन काळ्या रिंगा, म्हणजे तीन भाग असतात. इथंही जोडणी दोन प्रकारची: रेझिस्टरची सरकती तार कुठं पिनच्या टोकाला, कुठं मधल्या भागाला. रोलँडचं ईव्ही-५ आणि यामाहाचं एफसी ७ दिसायला एकाच कामाची, पण आतली जोडणी सारखी नाही. चुकीचं लावलं तर आवाज मधेच उडी मारतो किंवा पूर्ण उतरतच नाही. म्हणून एक्स्प्रेशन पेडल घेताना आपल्या मॅन्युअलमध्ये ज्याचं नाव दिलंय तेच घ्यावं, इथं अंदाज नको. आणि गिटारचं व्हॉल्यूम पेडल म्हणजे एक्स्प्रेशन पेडल नव्हे. त्यातून खुद्द आवाजाचा सिग्नल जातो.

तांत्रिक बाजू जुळली की पायाचा विचार करा. छोट्या चौकोनी डबीसारखं पेडल स्वस्त आणि हलकं असतं, पण दहा मिनिटांत ते पुढं सरकत जातं आणि पाय त्याच्यामागं धावतो. पियानोसारखं लांब पात्याचं, वजनदार, खाली रबर असलेलं पेडल घ्या. टाच जमिनीवर टेकवून पायाचा फक्त पुढचा भाग हलवता आला पाहिजे.

आणि ती खाच? ती नुसतं पेडल दाबून गेली नाही. मी कॉर्डबरोबरच पेडल दाबत होते, त्यामुळं आधीच्या कॉर्डचे सूर नव्यात सांडत होते. बाईंनी मला फक्त दोन कॉर्ड दिल्या आणि म्हणाल्या, "हात खाली जाईल तेव्हा पाय वर, आणि नवा सूर ऐकू आला की मग पाय खाली." पहिले तीन दिवस हात आणि पाय एकाच वेळी खाली जात राहिले. चौथ्या दिवशी एकदा जमलं. जुनी कॉर्ड नेमकी नवी लागताक्षणी सुटली, आणि मधली खाच कुठंच नव्हती.