गव्हाशिवायच्या कुकीज: या चुका टाळा

माझ्या भाचीला सातव्या वर्षी सिलिअॅकचं, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालणाऱ्या आजाराचं, निदान झालं. त्या दिवाळीत मी तिच्यासाठी ज्वारीची नानकटाई केली. मैदा नाही, रवा नाही, सगळं दोनदा तपासलेलं. नानकटाई अगदी खुसखुशीत झाली, आणि रात्री पोरीचं पोट दुखायला लागलं. सकाळी बहिणीने फोनवर एकच विचारलं, "ताई, ज्वारी कुठे दळलीस?"

कोपऱ्यावरच्या गिरणीत. माझ्या आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण होतं. मी रांगेत उभी राहून ते पाहिलंही होतं, पण डोक्यात काही आलं नाही.

म्हणून सगळ्यात आधी हीच चूक सांगते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. गिरणीच्या दगडांच्या खाचांत, वरच्या तोटीत, पीठ पडतं तिथे बांधलेल्या कापडात आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. "आधी माझं दळा" म्हणून भागत नाही, काल संध्याकाळचा गहू तिथे असतोच. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे ग्लुटेन 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. किलोभर ज्वारीत चमचाभर कणीक मिसळली तरी ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. सिलिअॅकमध्ये शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं, त्यामुळे 'एवढ्याशाने काय होतंय' हे वाक्य त्या घरात चालत नाही. भाजल्याने ग्लुटेन नाहीसं होत नाही, हेही लक्षात ठेवा. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू कधीच दळला नसेल तर उत्तम. नाहीतर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पाकीटच घ्या.

'नाचणी' शब्दावर विसंबणं ही दुसरी चूक. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून दुकानात नाचणी-ज्वारीची बिस्किटं आणि तयार पिठं भरपूर दिसू लागली. पाकीट उलटून बघा. अनेकांत पहिला घटक मैदा किंवा गव्हाचं पीठच असतं. 'मल्टीग्रेन'चंही तसंच. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो, त्यामुळे भाजणीच्या खाऱ्या कुकीज करणार असाल तर भाजणी वेगळी करा. ओट्समध्ये शेतापासून कारखान्यापर्यंत कुठेही गहू मिसळू शकतो. बेकिंग पावडरमध्ये कुठला स्टार्च आहे तेही वाचा.

घरातली चाळणी हा पुढचा धोका. तिच्या जाळीत कणीक अडकलेली असते आणि धुतली तरी पूर्ण निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटण्याचंही तेच. या मुलांसाठी एक चाळणी, एक वाडगं, एक ट्रे वेगळा ठेवा आणि त्यावर रंगीत टेप चिकटवा. पोळ्या करण्याआधी कुकीज करा, कारण हवेत उडालेली कणीक हळूहळू ओट्यावर बसते.

आता कुकीज बिघडण्याबद्दल.

मैद्याच्या जागी तेवढंच नाचणीचं पीठ घातलं की कुकी हातात घेताच भुगा होतो. ग्लुटेनची जाळी पीठ धरून ठेवते, आणि ती इथे नसते. भाकरी थापणाऱ्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून तर ज्वारीला गरम पाणी घालतात, त्याने स्टार्च फुगून चिकटपणा येतो. पण कुकीत एवढं पाणी घातलं की ती कडक होते. तिथे इसबगोल कामाला येतो. माझं प्रमाण असं: नाचणीचं पीठ 100 ग्रॅम, तांदळाची पिठी 50, साबुदाण्याचं पीठ 30, लोणी 100, गुळाची पावडर 90, इसबगोल एक छोटा चमचा, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, आणि लागलं तर दोन चमचे दूध. वाटीने मोजू नका, वजन करा. प्रत्येक पिठाची वाटी वेगळ्या वजनाची भरते.

दाताखाली कचकच येत असेल तर बहुतेक वेळा घाई झालेली असते. तांदूळ आणि नाचणी ओलावा सावकाश शोषतात. मळलेला गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. तेवढ्यात लोणीही घट्ट होतं आणि कुकीज ट्रेवर पसरत नाहीत.

सगळ्यांत जास्त फसवतो तो नाचणीचा रंग. ती मुळातच तपकिरी, त्यामुळे 'सोनेरी झाली की काढा' हा नियम इथे चालत नाही. बघत बसलात की कुकी आतून वाळते आणि गार झाल्यावर दातांना हार जात नाही. 160 ते 170 अंशांवर 14-15 मिनिटं पुरतात. बोटाने हलकेच दाबा. कडा घट्ट, मधोमध जरा मऊ लागली की बाहेर काढा आणि दहा मिनिटं हात लावू नका. गरम असताना उचललेली कुकी तुटणारच. ती कच्ची राहिली असं समजून परत ओव्हनमध्ये ढकलू नका.

दुधाची अॅलर्जी असेल तर लोण्याऐवजी तूप घालून चालत नाही, तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं ही वेगळी गोष्ट, त्यांना तूप सहसा चालतं. खोबरेल घाला, पण 100 ग्रॅम लोण्याला 80 ग्रॅमच, आणि वर चमचाभर पाणी, कारण लोण्यात पाणी असतं आणि खोबरेलात नसतं. वरच्या प्रमाणातलं दूधही मग पाण्याने बदला. 'एगलेस' कृती पाहून निर्धास्त होऊ नका, अंड्याच्या जागी बरेचदा दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घातलेलं असतं. अंडं आणि दूध दोन्ही टाळायचं तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, एका अंड्याची जागा भरते. काजूची अॅलर्जी असलेल्याला पिस्ता देऊ नका, दोन्हींची प्रथिनं खूप मिळतीजुळती आहेत. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला बेसनाची नानकटाई देण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा, दोन्ही कडधान्यांच्याच कुळातली.

आता मी भाचीकडे फराळ पाठवते तेव्हा तिचा डबा घरूनच बंद करून जातो. शंकरपाळ्यांच्या ताटात तिच्या कुकीज मांडत नाही. झाकणावर घातलेल्या जिनसांची यादी चिकटवते आणि पिठाचं रिकामं पाकीट सोबत ठेवते, म्हणजे बहिणीला फोन करून विचारावं लागत नाही.