जुनी स्पोर्ट्स कार घेताना: इंजिनाची तपासणी आणि वाढीव वॉरंटीचा करार

वापरलेली स्पोर्ट्स कार घेताना बहुतेक ग्राहक आधी गाडी पसंत करतात, मग किंमत ठरवतात आणि अगदी शेवटी, सह्या करता करता, वाढीव वॉरंटीचे पैसे भरून मोकळे होतात. हा क्रम उलटा करावा. वॉरंटीच्या कराराचा पूर्ण मसुदा आधी मागवावा, तो वाचून झाल्यावर इंजिनाची तपासणी करून घ्यावी आणि त्यानंतरच किमतीची बोलणी करावीत. कारण पुढे इंजिन निकामी झाले तर खरेदीच्या दिवशी ते कसे होते आणि त्याचा पुरावा कोणाकडे आहे, या प्रश्नापाशीच दावा अडतो.

करार कोणाचा आहे, हे प्रथम पाहावे. उत्पादक कंपनीची वॉरंटी, विमा कंपनीच्या पाठबळावर तिसऱ्याच संस्थेने दिलेली वॉरंटी आणि विक्रेत्याने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलेली हमी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिसरीला माझ्या मते किमतीत काडीचेही वजन देऊ नये. पहिल्या मालकाची वॉरंटी शिल्लक असेल तर ती आरसी बुकावर नाव चढल्यावर आपोआप आपली होते, असे गृहीत धरू नये. हस्तांतराची मुदत, शुल्क आणि त्याआधीची तपासणी या अटी कराराप्रमाणे बदलतात, म्हणून हस्तांतराचे लेखी पत्र हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवावा.

करारातील सर्वांत महाग शब्द म्हणजे ‘झीज’. वाढीव वॉरंटी साधारणतः अचानक झालेल्या यांत्रिक बिघाडाची भरपाई देते आणि वापराने होणारी झीज वगळते. पण स्पोर्ट्स कारच्या इंजिनात या दोहोंमधली रेषा फार पुसट असते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम ३ मधील चार लिटरचे व्ही ८ इंजिन कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्ट या मुख्य फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या रॉडच्या, बेअरिंगसाठी बदनाम आहे. बेअरिंग झिजत असते तेव्हा ती झीज म्हणून ग्राहकाच्या माथी येते आणि ते जागेवरून फिरून क्रँकशाफ्ट गेला की कंपनी म्हणू शकते की मूळ कारण झीजच होते. पोर्शच्या ९९६ मालिकेतील ९११ आणि पहिल्या पिढीच्या बॉक्सटर गाड्यांमध्ये मधल्या शाफ्टचे बेअरिंग तुटले की व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे टायमिंग बिघडते, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि एका छोट्या भागापायी अख्खे इंजिन जाते. म्हणून ‘वगळलेल्या भागामुळे संरक्षित भागाचे नुकसान झाल्यास भरपाई मिळेल का?’ हा प्रश्न याच शब्दांत ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवावे. त्याच पत्रात प्रत्येक दाव्याची कमाल रक्कम विचारावी. समजा ती तीन लाख असेल आणि नव्या इंजिनाचा खर्च बारा लाख येत असेल, तर उरलेले नऊ लाख आपल्याच खिशातून जाणार आहेत.

कोल्हापुरात गाडी घेणाऱ्याला आणखी एक तपासणी चुकवता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क या भागांत शिरले होते आणि शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्गही बंद पडला होता. स्पोर्ट्स कार जमिनीलगत असल्याने तिच्यात पाणी लवकर शिरते. हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि असा किंचित वाकलेला रॉड काही महिने चालूनही जातो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ आहे का ते पाहावे, सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातली माती बोटाने चाचपावी. पासिंग एमएच ०९ चे, म्हणजे कोल्हापूरचे, नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण पुरातली गाडी जिल्ह्याबाहेर विकली जाते तशी बाहेरची इथेही येते. पुराचे नुकसान वॉरंटीत बसत नाही आणि नुसत्या सर्वसमावेशक विम्यात इंजिनात पाणी गेल्याचा दावा बहुधा अडतो. त्यासाठी विम्याला इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम जोडून घ्यावे लागते.

इंजिनाच्या तपासणीसाठी सकाळी जावे आणि गाडी आधी गरम करून ठेवू नका, असे आदल्या दिवशीच सांगावे. थंड इंजिन चालू करताच एक-दोन सेकंद साखळीसारखा खडखडाट आला, तर टायमिंग चेन किंवा तिला ताण देणारा टेन्शनर संशयास्पद आहे. नंतर ऑइल फिल्टर काढून कापायला लावावा आणि त्याच्या कागदी घड्या उन्हात उलगडून पाहाव्यात. त्यांत चमकणारे कण दिसले, तर पुढच्या चाचण्यांवर खर्च करण्याचेही कारण उरत नाही. फिल्टर स्वच्छ असेल तर सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो आणि तो कुठून गळतो हे दाखवणारी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी घ्यावी आणि स्पार्क प्लगच्या छिद्रातून कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंतींवरचे उभे ओरखडे तपासावेत. पोलो जीटी किंवा ऑक्टाव्हिया व्हीआरएससारख्या टर्बो गाड्यांचे रिमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकीय नियंत्रकातला प्रोग्राम बदलणे, सर्रास होते. विकताना मूळ प्रोग्राम परत टाकला, तरी नियंत्रकात किती वेळा प्रोग्रामिंग झाले याची नोंद राहू शकते, म्हणून ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये वाचून घ्यावी. या सगळ्याचा तारीख, चॅसी क्रमांक आणि किलोमीटरसह लेखी अहवाल घ्यावा. ‘दोष आधीपासूनच होता’ या आक्षेपाला हाच कागद उत्तर देतो.

खरेदीनंतर सर्व्हिस महिन्यांच्या हिशेबाने करावी. फक्त रविवारी गगनबावड्यापर्यंत जाऊन येणारी गाडी वर्षात दोन हजार किलोमीटरही चालत नाही, पण ऑइल बदलण्याची बारा महिन्यांची अट तिलाही लागू असते, आणि बिलावर ऑइलचा नेमका ग्रेड लिहिलेला असावा. मित्राच्या वरातीसाठी गाडी भाड्याने देणे हा व्यावसायिक वापर ठरतो, हेही हौशी मालकांनी ध्यानात ठेवावे.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला किंवा इंजिन वाजू लागले, तर सुरक्षित जागी लगेच थांबून इंजिन बंद करावे, डॅशबोर्डचा फोटो काढावा आणि पुन्हा सेल मारून पाहू नये. गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे चारही चाके वर घेणाऱ्या ट्रकवर, न्यावी. आपल्या ब्रँडचे अधिकृत सेंटर पुण्यात असेल तर ते कोल्हापूरपासून सुमारे २३० किलोमीटर पडते, म्हणून करारात टोइंगची मर्यादा किती किलोमीटर आहे हे आधीच पाहिलेले असावे. या टप्प्यावर कोल्हापूरच्याच शिवाजी उद्यमनगरात इंजिन उतरवून घेण्याचा मोह होतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगमध्ये तिथल्या मेस्त्रींचा हात धरणारे थोडे आहेत. तरीही वॉरंटी देणाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. उघडलेल्या इंजिनावरचा दावा फेटाळणे सोपे जाते. शिवाय वर उल्लेखलेल्या व्ही ८ सारख्या इंजिनांत सिलिंडरची भिंत सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमची असते आणि लोखंडी ब्लॉकच्या पद्धतीने बोअर केल्यास ती वाया जाते. इंजिन खोलण्याचा खर्च दावा नाकारल्यास कोणी सोसायचा, हे परवानगीच्या पत्रातच लिहून घ्यावे.

दावा नाकारला गेला, तर कराराच्या कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे आणि स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल घ्यावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तड लागली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तोपर्यंत काढलेले बेअरिंग, पिस्टन आणि कापलेला फिल्टर वर्कशॉपच्या भंगारात जाऊ न देता, चिठ्ठ्या लावून आपल्या ताब्यात घ्यावेत.