लेखकाला लिहिलेलं पहिलं पत्र

आमच्या तालुक्याच्या गावी ‘क’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय होतं. दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं आणि दाराशी वर्तमानपत्रांचं टेबल. दसरा झाला की ग्रंथपालकाका दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घ्यायचे. ती भरली की पार उन्हाळ्यापर्यंत एकेक अंक बदलून न्यायचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथपासूनची ही परंपरा. लिहू पाहणाऱ्या मराठी माणसासाठी याहून चांगली शाळा मला तरी ठाऊक नाही. मुरलेल्या कथाकाराच्या शेजारच्याच पानावर पहिल्यांदा छापून आलेलं एखादं नाव असतं, आणि ते पाहून आपल्यालाही हुरूप येतो.

अकरावीत असताना आटलेल्या विहिरीवरची एक कथा वाचली आणि रात्रभर तीच डोक्यात राहिली. काकांना सांगितलं, तर म्हणाले, “मग कळव की त्यांना. पत्ता दिलाय शेवटी.” मी पोस्टातून पन्नास पैशांचं कार्ड आणलं. ‘कथा खूप आवडली, भाषा ओघवती आहे’ असं लिहून काकांना दाखवलं. त्यांनी ते वाचून माझ्या हातात परत ठेवलं. “हे कुठल्याही कथेला चालेल गं. तुला काय आवडलं ते लिही.”

घरी जाऊन कथा पुन्हा वाचली. कथेतली बाई विहीर आटल्यावर दोर नीट गुंडाळते आणि खुंटीला लावते. बाकी काही करत नाही. तिथे मला माझी आजी आठवली होती. घरात वीज आल्यावरही ती रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसून ठेवायची. दुसऱ्या कार्डावर एवढंच लिहिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. ‘दोर तुमच्या लक्षात राहिला, बरं वाटलं. आजींच्या कंदिलाचं लिहा.’

ते लिहायला मला दीड वर्ष लागलं. पण नव्याने लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की सुरुवात पत्राने करा. नेमकं काय भिडलं हे शोधताना वाचन बारीक होतं, आणि ते शोधता शोधता आपलं स्वतःचं काहीतरी हाताला लागतं. आता बहुतेक अंकांत लेखकाचा फोन नंबर किंवा ईमेल असतो. फोन करण्यापेक्षा लिहाच.

कथा पाठवण्याबद्दल थोडंसं. दिवाळी अंकासाठी गणपतीत पाठवलेलं साहित्य बहुधा उशिराचं ठरतं, जून-जुलैत पाठवा. फाइल युनिकोडमध्ये हवी, जुन्या फॉन्टमधली उघडली की अक्षरांची खिचडी होते. एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवा. उत्तर येईलच असं नाही, आणि तो नकार आपल्या जिवाला लावून घ्यायचा नसतो. माझी कंदिलाची कथा तीन ठिकाणांहून परत आली. तिसऱ्या संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पहिली दोन पानं काढून वाचून बघा.’ काढून पाहिली. खरोखरच कथा तिसऱ्या पानावर, आजी राखेची वाटी घेऊन ओट्यावर बसते तिथे सुरू होत होती. दोन पानं मी तिची ओळख करून देत बसले होते! असा शेरा मिळाला तर तो जपून ठेवा. ‘छान’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, पानावर बोट ठेवणारं माणूस क्वचित मिळतं.

आणि वाचनालयाचे सभासद व्हा. गावात नसेल तर तालुक्याला असेल. जमलं तर पाचगणीजवळच्या भिलारला दोन दिवस जाऊन या. २०१७पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. गावातल्या बऱ्याच घरांत पुस्तकं मांडलेली आहेत, तिथेच बसून वाचता येतं.

कार्डांचा गठ्ठा आजही माझ्या खणात असतो. गेल्या दिवाळीत अकरा पत्रं लिहिली, चौघांची उत्तरं आली. त्यातल्या एकीने तर पुढच्या कथेचा कच्चा खर्डाच वाचायला पाठवलाय. सध्या तो वाचतेय, पेन्सिल हातात घेऊन.