जिप्सीला घरीच केलेले साइड गार्ड

ताम्हिणीकडच्या दगडी वाटेवर माझ्या मारुती जिप्सीचा दाराखालचा पत्रा चेपला, तेव्हाच ठरवलं, दोन्ही बाजूंना पाइप हवेच. पुढे बुलबार, म्हणजे बंपरसमोरचा लोखंडी दांडा, मात्र नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर कारवाईचे आदेश दिलेत, आणि तो पायी चालणाऱ्याच्या जिवावर बेततो.

भोसरीतून ४८ मिमी व्यासाचा, ४ मिमी जाडीचा काळा पाइप आणला. गॅल्वनाइज्ड घेऊच नका, वेल्डिंगला जस्ताचा धूर बाधतो. आधार चासीचाच, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा; बॉडी त्यावर रबरी बुशांवर (गाद्यांवर) हलते, म्हणून पत्र्यापासून बोटभर फट ठेवली. चासीवर ६ मिमीची प्लेट, तिच्यावर पाइपाचे पाय.

बॅटरीच्या तारा सोडवल्या, पेट्रोलची नळी बाजूला घेतली, वेल्डिंग मशीनचं अर्थिंग जोडाजवळच लावलं. रंग-गंज घासून धातू लखलखीत केला. आधी सगळीकडे वेल्डिंगचे नुसते छोटे टाके, मग एकदा पुढे, एकदा मागे असं इंच-इंच भरत गेलो. सलग ओढलं की पाइप तापून वाकतो. वेल्डिंगचे रॉड ७०१८ प्रकारचे, अगदी कोरडे. स्लॅग, म्हणजे जोडावरची खपली, उडवल्यावर खाली माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी रेघ दिसते ना, तेव्हा जीव सुखावतो!

जॅक लावून गाडीचा भार पाइपावर घेतला. दार तरीही अलगद लागलं. मगच रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर) आणि काळा रंग.