अल्झायमर आणि पेशीवरील ताण : या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

उन्हाळी प्रकल्पासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक अर्ज अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठी, टाऊ प्रथिनाचे गुंते आणि औषधाचा शोध या तीन गोष्टींभोवती फिरतात. त्यात वावगे काही नाही. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत आपल्या रुग्ण ऑगस्टे डेटर यांच्या मेंदूविषयी जे सांगितले, त्यात या गाठी आणि गुंतेच होते, आणि आजही निदान त्यांवरच उभे आहे. मी मात्र या रोगाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहत आले आहे. गाठी साचत असताना चेतापेशी स्वतः काय करते, ताण आला की ती स्वतःला वाचवण्यासाठी कोणती पावले उचलते आणि तीच पावले पुढे तिच्या मुळावर कशी येतात, हा माझ्या कामाचा विषय आहे. या शाखेत येऊ पाहणाऱ्यांना पाठ्यपुस्तकात सहसा न सापडणारे काही सांगावे, म्हणून हे लेखन.

आधी यंत्रणा थोडक्यात सांगते. पेशीबाहेर पाठवायच्या आणि पटलांत बसवायच्या प्रथिनांच्या घड्या आंतर्द्रव्यजालिकेत घातल्या जातात. चुकीच्या घडीची प्रथिने तिथे साचू लागली की जालिकेच्या पटलातले पर्क, आयआरई१ आणि एटीएफ६ हे तीन संवेदक जागे होतात. त्यांपैकी पर्क हा ईआयएफ२-अल्फा या प्रथिनाला फॉस्फेट जोडतो, त्यामुळे पेशीतले बहुतेक नवे प्रथिननिर्माण मंदावते आणि जालिकेवरचा बोजा हलका होतो. अमिनो आम्लांचा तुटवडा, विषाणूंचा शिरकाव आणि हीमची कमतरता यांची खबर ठेवणारी जीसीएन२, पीकेआर आणि एचआरआय ही विकरेदेखील याच एका प्रथिनावर येऊन थांबतात, म्हणून या सगळ्याला एकात्मिक ताण-प्रतिसाद म्हणतात. स्मृतीशी याचा संबंध सरळ आहे : टिकाऊ स्मृती घडण्यासाठी नवी प्रथिने लागतात. ईआयएफ२-अल्फाला कमी प्रमाणात फॉस्फेट जोडले जाईल असा बदल केलेले उंदीर अपुऱ्या प्रशिक्षणावरही टिकाऊ स्मृती घडवतात, हे २००७ मध्ये दाखवले गेले. निर्मितीला लागलेला लगाम महिनोन्महिने सुटला नाही, तर सिनॅप्सची, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडांची, डागडुजी करायला पेशीकडे सामग्रीच उरत नाही.

इथपर्यंतची गोष्ट इतकी नीटस आहे की नवा विद्यार्थी लगेच तिच्या प्रेमात पडतो आणि 'अल्झायमरमध्ये ताण वाढतो का?' असा प्रश्न घेऊन गाइडकडे जातो. माझ्या मते हा प्रश्नच कच्चा आहे. ताण-प्रतिसाद हे मुळात संरक्षण आहे. काही तासांपुरता तो पेशीला तारतो आणि लांबला की मारक ठरतो. त्यामुळे कधी, कोणत्या पेशीत आणि कशाच्या तुलनेत, ही तीन पदे प्रश्नात आल्याशिवाय त्याचे उत्तर कोणत्याही बाजूने काढता येते. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. मृत रुग्णांच्या मेंदूंवरील २००५ आणि २००९ मधल्या अभ्यासांत अल्झायमर झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात ताणाच्या खुणा वाढलेल्या आढळल्या. त्यानंतर अमायलॉइड ज्यातून सुटते ते एपीपी हे प्रथिन मुद्दाम जास्त प्रमाणात बनवणाऱ्या उंदरांवर बरेच काम झाले आणि अनेक निबंधांतून असाच ताण नोंदवला गेला. परंतु जपानच्या रिकेन संस्थेत ताकाओमी साइदो यांच्या गटाने एपीपीची पातळी नैसर्गिक ठेवून केवळ उत्परिवर्तने घातलेले उंदीर तयार केले, आणि २०१८ मध्ये अशा उंदरांत गाठी भरपूर असूनही जालिकेतला ताण फारसा दिसत नाही, असे निष्पन्न झाले. एपीपी हे स्वतःच पटलात बसणारे प्रथिन आहे. त्याचा लोंढा सोडला तर जालिकेवर भार येणारच. तो भार रोगाचा की आपण रचलेल्या प्रयोगाचा, हे ठरवण्यात अनेकांची पीएचडीची उमेदीची वर्षे जातात. म्हणून माझा पहिला सल्ला असा की मार्ग निवडण्याआधी प्रतिरूप, म्हणजे रोगाची नक्कल करणारा प्राणी किंवा पेशी, निवडा.

पेशींच्या बाबतीतही हेच. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत सुरुवात एसएच-एसवाय५वाय या पेशींवर होते, कारण त्या स्वस्त, चिवट आणि हाताळायला सोप्या आहेत. त्या पेशींचे मूळ मात्र १९७० च्या सुमारास चार वर्षांच्या एका मुलीच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगातून घेतलेल्या नमुन्यात आहे. म्हातारपणाचा रोग आपण एका बालिकेच्या कर्करोगाच्या गाठीत अभ्यासतो आहोत, याची जाणीव ठेवूनच त्यांचे निष्कर्ष मांडावेत. रुग्णाच्या त्वचेपासून मूलपेशी बनवून त्यांतून चेतापेशी वाढवण्याचे तंत्र अधिक जवळचे वाटते, पण त्या प्रक्रियेत पेशीचे वयच पुसले जाते. त्वचेच्या पेशीतून मूलपेशीचा टप्पा टाळून थेट चेतापेशी घडवल्या तर वयाच्या बऱ्याच खुणा टिकून राहतात, मात्र त्या हाती थोड्या लागतात आणि त्यांची संख्या वाढवता येत नाही. सर्वांगपरिपूर्ण प्रतिरूप कोणतेच नाही. आपला प्रश्न कोणत्या उणिवेवर अडणार नाही, एवढेच पाहता येते.

आता टेबलावरच्या कामाकडे येते, कारण ताण मोजणारा माणूस बहुतेकदा स्वतःच ताण निर्माण करत असतो. शुक्रवारी संध्याकाळी पेशींचा मीडिया, म्हणजे पोषक द्रव, बदलायचा राहिला आणि सोमवारी सकाळी तो लालसर न राहता पिवळट दिसू लागला, तर त्या पेशींत अमिनो आम्ले आणि ग्लुकोज आटलेले असते, आम्लता वाढलेली असते आणि ईआयएफ२-अल्फावर फॉस्फेट आधीच चढलेले असते. अशा डिशमध्ये अमायलॉइड घाला किंवा नुसते पाणी, ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, बँड ठळकच येईल. म्हणून पेशींची दाटी, मीडिया बदलल्यापासूनचा काळ आणि पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या डिशमध्ये वाढवल्या) दर वेळी वहीत लिहावा. जालिकेत मुद्दाम ताण आणणारे थॅप्सिगार्गिन किंवा ट्युनिकॅमायसिन दिलेली एक डिश आणि फक्त डीएमएसओ हा द्रावक दिलेली एक डिश प्रत्येक प्रयोगात असावी. पहिलीत पर्कचा बँड वर सरकलेला दिसला नाही तर बाकीच्या रकान्यांचे अर्थ लावत बसू नये. पेशी फोडताना सगळे बर्फावर ठेवावे आणि द्रावणात फॉस्फटेज रोखणारी रसायने त्याच दिवशी मिसळावीत. फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटिबॉडीसाठी ब्लॉटचे पटल दुधाच्या भुकटीऐवजी शक्यतो बीएसए या रक्तातल्या प्रथिनाने झाकावे, कारण दुधातल्या केसीनवरही फॉस्फेट असते आणि त्यामुळे पार्श्वभूमी काळवंडू शकते. फॉस्फेटसह ईआयएफ२-अल्फाचा बँड एकूण ईआयएफ२-अल्फाच्या तुलनेत मांडावा. एकटा बँड दाखवून काही सिद्ध होत नाही. एक्सबीपी१ या आरएनए संदेशातून आयआरई१ अवघी २६ न्यूक्लिओटाइड कापतो, तेव्हा तो फरक साध्या जेलवर दिसायला हवा असेल तर जेल दाट घ्यावे आणि सावकाश चालवावे.

उंदरांबाबत एकच सांगते. भूल दिल्यावर उंदराचे शरीर थंड पडते आणि त्या थंडीनेच टाऊवरचे फॉस्फेट, जे रोगाची खूण मानले जाते, वाढते. भुलेत असलेल्या प्राण्याला गरम पॅडवर ठेवले होते की नाही, हे ज्या निबंधाच्या पद्धतीत लिहिलेले नसेल, तो वाचताना मी पेन्सिल हातात धरते.

औषधांच्या आशेने येणाऱ्यांनी पर्करोधकाची कथा मुळातून वाचावी. जीएसके२६०६४१४ या संयुगाने २०१३ मध्ये प्रायॉनबाधित (चुकीच्या घडीच्या संसर्गजन्य प्रथिनाने आजारी) उंदरांच्या चेतापेशी वाचवल्या आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. त्याच निबंधात या उंदरांचे वजन घटल्याची आणि रक्तातली साखर वाढल्याची नोंद आहे, कारण इन्सुलिनसारखी प्रथिने सतत घडवणाऱ्या स्वादुपिंडाला पर्कवाचून चालत नाही. पुढे २०१७ मध्ये हेच संयुग आरआयपीके१ या निराळ्या विकरालाही रोखते, हे समोर आले. त्यामुळे त्याच्या बळावर काढलेला निष्कर्ष पर्कचे जनुक बंद करून पुन्हा तपासल्याशिवाय मी स्वीकारत नाही. पीटर वॉल्टर यांच्या प्रयोगशाळेत सापडलेले आयएसआरआयबी हे ताण-प्रतिसाद रोखणारे संयुग ईआयएफ२-अल्फाच्या पुढच्या टप्प्यावरील ईआयएफ२बी या प्रथिनावर काम करते आणि ताण मध्यम असेल तेव्हाच त्याचा परिणाम ठळक दिसतो. इथेही मात्रा आणि वेळ यांचाच प्रश्न येतो.

व्यावहारिक बाजू. सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटी किंवा आयसीएमआरची फेलोशिप मिळाली तर गाइड निवडताना हात मोकळे राहतात. २०२३ पासून जेआरएफची (कनिष्ठ संशोधन फेलोशिपची) रक्कम दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता अशी आहे. या विषयात वेळेचा हिशेब मात्र इतर शाखांहून वेगळा पडतो. वर्षभराचा उंदीर हवा असेल तर तो वर्षभर आधी जन्माला यावा लागतो, आणि त्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी. पहिल्या सहामाहीत वाचन आणि कोर्सवर्क चालू असतानाच हा अर्ज टाकावा. आयात अँटिबॉडी पोचायला दीड-दोन महिने सहज लागतात. मानवी ऊती हव्या असतील तर बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मेंदूपेढी आहे. अर्ज करताना मृत्यू आणि मेंदू गोठवणे यांमध्ये किती तास गेले आणि ऊतीचा पीएच किती, ही माहितीही मागावी, कारण फॉस्फेटच्या खुणा त्या तासांत झपाट्याने पुसल्या जातात.

प्रवेशाच्या मुलाखतीत उमेदवारानेही प्रश्न विचारायचे असतात, याचा आपल्याकडे संकोच फार. उंदरांची वसाहत स्वतःची आहे का, मोजणी करणाऱ्याला गट माहीत नसतात याची खातरजमा कोण करते, न कापलेले मूळ ब्लॉट कुठे साठवले जातात, आणि नकारात्मक निष्कर्षावर याआधी कोणाला थिसिस लिहू दिला का, एवढे तरी विचारावे. अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाविषयीचा २००६ मधला बहुचर्चित निबंध प्रतिमांतील फेरफारांमुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला, हे ठाऊक असलेला कोणताही गाइड ब्लॉटच्या प्रश्नाने दुखावणार नाही. दुखावला, तर दुसऱ्या प्रयोगशाळेचा अर्ज त्याच आठवड्यात भरून टाकावा.