मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधताना या चुका टाळा

सासवडजवळच्या आमच्या वडिलोपार्जित शेतात मी गेली सोळा वर्षे मेटल डिटेक्टर फिरवतो आहे. या छंदाविषयी विचारायला पुण्याहून बरीच तरुण मंडळी माझ्याकडे येतात आणि बहुतेकांच्या हातून त्याच त्या चुका झालेल्या असतात. बाकीच्या चुका सुधारता येतात, पण एक चूक अशी आहे की ती झाल्यावर कोणालाच काही करता येत नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. ती चूक म्हणजे सापडलेले नाणे घासूनपुसून लख्ख करणे.

दोन वर्षांपूर्वी मृगाचा पाऊस पडून गेल्यावर कोथरूडचा एक मुलगा आजोळच्या शेतात सापडलेली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे, घेऊन आला होता. त्याने ती रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली होती आणि सकाळी भांडी घासायच्या पावडरीने घासली होती, कारण घरातली तांब्याची भांडी तशीच लख्ख होतात. रुमालातून काढून त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा ती नुकत्या कल्हईवाल्याकडून आलेल्या भांड्याच्या बाहेरच्या बाजूसारखी गुलाबी दिसत होती. मी भिंग लावले. एका बाजूला ‘श्री’ आणि ‘राजा’ वाचता येत होते, पण तिसरी ओळ सपाट झाली होती. मागच्या बाजूला ‘छत्र’ होते, त्याखालचा ‘प’ अर्धाच उरला होता आणि पुढचे अक्षर ‘ति’ होते की ‘ती’ हे आता कोणालाही सांगता येणार नव्हते. कडेच्या ठिपक्यांच्या वर्तुळाच्या जागी नुसते ओरखडे होते.

१६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेले हे तांब्याचे नाणे पेशवाई बुडाल्यानंतरही लोकांच्या व्यवहारात होते आणि ते अनेक ठिकाणी पाडले गेले. त्यामुळे तिसऱ्या ओळीत ‘शिव’ आहे की ‘सिव’, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, अक्षराखाली रेघा आहेत का, यावरून त्याचे प्रकार लावतात. त्या मुलाने नेमकी तीच ओळख पुसून टाकली होती. शेकडो वर्षे जमिनीत पडलेल्या तांब्यावर चढणारा तपकिरी-हिरवा थर हा मळ नव्हे. तांब्याचाच पृष्ठभाग हळूहळू ऑक्साइड आणि कार्बोनेटमध्ये बदलून तो तयार होतो, आणि पुष्कळदा अक्षराचा उठाव खालच्या धातूत न राहता त्या थरातच राहिलेला असतो. चिंचेतले आम्ल थर विरघळवते, तेव्हा त्याच्याबरोबर अक्षरही जाते. तो मुलगा माझ्यासमोर बराच वेळ गप्प बसून होता, आणि मलाही त्याला काही बोलवेना.

मी स्वतः नाणे काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवतो, एक दिवसाआड पाणी बदलतो आणि दोन-तीन आठवडे त्याला हात लावत नाही. माती मऊ झाली की भिंगाखाली धरून बाभळीच्या काट्याने ती कणाकणाने उचलतो, कारण काटा तांब्यापेक्षा मऊ असतो आणि ओरखडा पाडत नाही. अक्षर वाचता आले की थांबतो आणि नाणे सावलीत वाळवतो. चांदीच्या रुपयाचा काळेपणा मी काढतच नाही. एखाद्या नाण्यावर फिकट हिरवी भुसभुशीत भुकटी दिसली तर ते इतरांपासून वेगळे आणि पूर्ण कोरडे ठेवावे आणि संग्रहालयाचे काम जाणणाऱ्या माणसाला दाखवावे, कारण क्लोराइडमुळे होणारी ती झीज दमट हवेत वाढत जाते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचे स्वस्त अल्बमही वापरू नयेत. काही वर्षांत त्यांचा चिकट हिरवा द्राव नाण्याला लागतो.

दुसरी चूक मशीनची आहे. नवीन डिटेक्टर हाती आला की माणूस सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनक्षमता, शेवटपर्यंत वाढवतो, कारण त्याला अधिक खोलवर पोहोचायचे असते. आपली जमीन बेसाल्टची आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे भरपूर आहेत. मशीन अशा जमिनीलाच धातू समजू लागते, सारखे कुरकुरते, आणि त्या गोंगाटात चार इंचांवरच्या पैशाचा हलका स्वर बुडून जातो. माझ्या एका स्नेह्याने पुरंदरच्या पायथ्याजवळ आपल्या मेव्हण्यांच्या रानात सकाळपासून दुपारपर्यंत सदतीस खड्डे घेतले आणि प्रत्येकातून काळा धोंडा काढला. संध्याकाळी तो मशीन विकायला निघाला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच रानात त्याचेच मशीन घेतले, धातू नसलेल्या जागी कॉइल (मशीनची खालची चकती) वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स साधला, म्हणजे जमिनीतल्या खनिजांकडे दुर्लक्ष करायला मशीनला लावले, कुरकुर थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवली आणि कॉइल जमिनीलगत ठेवून सावकाश फिरवली. बांधाजवळ पंचम जॉर्जचा पाव आणा निघाला. तो फक्त तीन बोटे खोल होता.

ग्राउंड बॅलन्स सकाळी एकदा करून भागत नाही. मुरूम संपून काळी माती लागली, किंवा कोरड्यातून ओल्यात गेलात, की तो पुन्हा साधावा लागतो. माझ्या खिशात एक जुना पाव आणा कायम असतो. नव्या रानात पाऊल टाकल्यावर तो वीतभर खोल पुरून मी त्याचा आवाज ऐकतो आणि त्यानंतरच कामाला लागतो. यात पंधरा मिनिटे जातात. ज्यांना ती जड वाटतात त्यांनी हा छंद घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोखंड पूर्ण गाळून टाकणारी सेटिंगही सुरुवातीला लावू नये. शेतात बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्या, खिळे आणि मोडक्या फाळांचे तुकडे असतात, आणि त्यांच्या शेजारचे नाणे त्यांच्याबरोबरच मुके होते. खनिजयुक्त मातीत खोलवरचे तांबेसुद्धा पडद्यावर लोखंडाचा आकडा दाखवते. पहिले वर्षभर मशीनच्या प्रत्येक आवाजावर खणावे.

किल्ल्यावर मशीन नेऊ नये. रायगड, शिवनेरी, लोहगड आणि विसापूर ही केंद्राची संरक्षित स्मारके आहेत, आणि संरक्षित क्षेत्रात परवानगीविना खणणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. राज्याने संरक्षित केलेल्या गडांनाही असाच कायदा लागू आहे. गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडालाही, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या उंचवट्यालाही, मी हात लावत नाही, मग ते कोणाच्याही मालकीचे असो. इनामगावच्या टेकाडांतून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ताम्रपाषाणयुगीन वस्ती थरांनिशी उलगडली, आणि असा थर एकदा विस्कटला की तो वाचता येत नाही. पूर्वी शेतकरी पांढरीची माती खत म्हणून शेताच्या काळ्या जमिनीत नेऊन टाकत, आणि तिच्याबरोबर आलेली नाणी नांगरटीत वर येतात. हौशी माणसासाठी ती पुरेशी आहेत.

सापडलेल्या जागेची नोंद न करणे ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. गट नंबर, विहिरीपासूनची पावले, खोली आणि तारीख हे मी नाणे खिशात टाकण्याआधी वहीत लिहितो. जुन्या बाजारातून विकत घेतलेली नाणी सापडलेल्या नाण्यांच्या डबीत कधीही ठेवू नयेत.

१८७८ चा निखात निधी कायदा बहुतेकांनी ऐकलेलाही नसतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्याने बंधनकारक केले आहे. न कळवल्यास सापडलेल्यातला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मी पत्र देतो आणि त्याची पोच वहीत चिकटवून ठेवतो. याच कायद्यात जमीनमालकाच्या वाट्याचीही तरतूद आहे, म्हणून तोंडी परवानगीवर विसंबू नये. दिवे गावाजवळ एका गृहस्थांनी मला आनंदाने शेतात नेले, आणि तासाभरात त्यांचे धाकटे बंधू काठी घेऊन बांधावर आले, कारण सातबाऱ्यावर चार नावे होती आणि मी एकालाच विचारले होते. त्यांचा राग रास्त होता. मी तिथेच मशीन बंद केले, घेतलेले खड्डे पायाने दाबून बुजवले, आणि तेव्हापासून आधी सातबारा पाहतो व त्यावरच्या प्रत्येकाची सही घेतल्याशिवाय बांध ओलांडत नाही.