एरियल सिल्क आणि दोरीचा मल्लखांब: मुलांच्या क्लासमधल्या या चुका टाळा

एप्रिलमध्ये सुट्टीची बॅच सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, "ताई, ड्रॉप कधी शिकवणार?" ड्रॉप म्हणजे उंचावर अंगाला घेतलेली कापडाची गुंडाळी सोडत एकदम खाली येणं आणि कापडानेच अडणं. मूल सात वर्षांचं असो की पंधरा, आणि बऱ्याचदा प्रश्न मुलाचा नसतोच, बाजूला मोबाईल धरून उभ्या असलेल्या आईचा नाहीतर बाबांचा असतो. मी लहानपणी दोरीचा मल्लखांब केलाय, आता गेली बारा वर्षं मुलांना दोरी आणि एरियल सिल्क, म्हणजे वरून टांगलेल्या लांब कापडावरच्या कसरती, दोन्ही शिकवते, आणि त्याच त्याच चुका बघून खरंच जीव दमलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतेय.

उतरायला न शिकता चढणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. चढायला सगळ्यांनाच आवडतं. सिल्कवर पायाला कापडाचा वळसा घ्यायला जमलं की ताकदीची पोरं तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर पोचतात, घरचे टाळ्या वाजवतात, व्हिडिओ होतो. पण वर गेल्यावर हात भरून येतात आणि खाली कसं यायचं हे कुणी नीट शिकवलेलंच नसतं, मग मूल पाय सोडतं आणि हातांवर घसरत खाली येतं.

माझ्याकडे एक दहा वर्षांची मुलगी आली होती, आधी दुसरीकडे दोन महिने शिकलेली. आई म्हणाली हिला अगदी वरपर्यंत जाता येतं. मी दोन हात चढताना बघितलं, चढण खरंच छान होती, म्हणून जाऊ दिलं वर. मी आधी तिचं उतरणं बघायला हवं होतं, ते मी बघितलं नाही, ही माझी चूक. सुती दोरी, साडेतीन मीटरच्या आसपास गेली, खाली बघितलं आणि तिथेच थिजली. मी खालून सांगतेय अंगठ्यात दोरी धर, वरचा हात खाली घे, पण तिला मी काय बोलतेय तेच कळत नव्हतं. बघता बघता कोपर थरथरायला लागले आणि पाय सुटले. मी खालीच होते, कमरेला धरलं, पडली नाही. पण दोन्ही तळहातांची सालं निघाली होती आणि उजव्या मांडीला आतून वीतभर लांब लाल पट्टा, त्याच्यावर मोहरीएवढे बारीक फोड. रडली नाही ती, नुसती तळहात उघडून त्यांच्याकडे बघत बसली. पुढचे कितीतरी दिवस शाळेत पेन धरताना दुखायचं तिला. क्लासला परत आली, पण दोरीला हात लावायला दीड महिना गेला.

तेव्हापासून माझ्याकडे पहिला महिना कुणाचेही पाय माझ्या खांद्याच्या वर जात नाहीत. चार हात वर, चार हात खाली, परत चार हात वर. दोरीवर उतरताना पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी धरायची आणि हाताखाली हात घेत यायचं, सिल्कवर कापड दोन पावलांच्या मध्ये दाबून तोच ब्रेक लावायचा, आणि उतरताना आकडे मोठ्याने म्हणायचे, म्हणजे श्वास अडकत नाही. वर असताना मुलांना दमलोय हे कळतच नाही, म्हणून मी चेहरा बघत नाही, कोपर बघते. कोपर हलला की खाली. महिनाभर हेच का असं विचारून काही पालक मुलाला काढून घेऊन जातात, त्याला माझा इलाज नाही.

घाईबद्दल एक बोलतेच. आपल्याकडे सर्कस उभी केली ती विष्णुपंत छत्र्यांनी, सांगलीकडच्या अंकलखोपच्या मराठी माणसाने, १८८० मध्ये. त्यानंतर किती पिढ्या पोरं तंबूत वाढली, पोटासाठी लहानपणीच झुल्यावर चढली. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवणं बंद करा असं सरकारला सांगितलं. आज आपल्या क्लासला येणाऱ्या मुलाला संध्याकाळी तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर उभं राहायचं नाहीये, त्याला कशासाठी पळवायचं? दोन वर्षं लागली तर लागली.

घरी सिल्क टांगणं

हे वाचून कुणी चिडलं तरी चालेल पण करू नका. लॉकडाऊनपासून हे फार वाढलंय. ऑनलाइन कापड मागवतात, हॉलमध्ये झोपाळ्याची कडी असतेच, झालं काम. एकदा एका पालकांनी कौतुकाने मला फोटो पाठवला, घरी कसा सेटअप केलाय बघा ताई. मी फोटो मोठा करून बघितला तर कडीत जी कॅरॅबिनर, म्हणजे उघड-बंद होणारी धातूची कडी, होती ती बॅगेला किल्ल्या अडकवतात ती, चपटी, रंगीत, वर बारीक अक्षरात लिहिलेलं की चढाईसाठी वापरू नये. त्याला त्यांची नऊ वर्षांची मुलगी उलटी लटकत होती, खाली फरशी आणि फरशीवर एक योगा मॅट. मी मेसेज न करता सरळ फोन लावला आणि आधी तिला उतरवा म्हटलं.

झोपाळ्यावर आपण हळूहळू झुलतो, तो ताण वेगळा. तीस किलोचं मूल गुंडाळी सोडून खाली येतं आणि कापड त्याला एकदम अडवतं तेव्हा कडीवर तीस किलो येत नाही, त्याच्या कितीतरी पट झटका येतो, आणि असे झटके रोज बसत गेले की वरून काही दिसत नाही पण स्लॅबच्या आत बोल्ट ढिला होत जातो. पीओपीच्या मागे नेमकं काय आहे हे तर बघताच येत नाही. क्लासमध्ये जी कॅरॅबिनर असते तिला स्क्रूचं लॉक असतं आणि अंगावर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असतो, २२ म्हणजे साधारण २२०० किलो. त्याच्या खाली स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारा जोड, त्यामुळे कापडाला पीळ बसत नाही. वरचा बीम इंजिनियरने बघितलेला असतो, खाली २०-३० सेंटीमीटर जाडीची मॅट असते, आणि एवढं सगळं असूनही मी मुलांना एकटं सोडत नाही. घरी सराव करायचाय ना, दाराच्या बारला लटका, प्लँक करा, सूर्यनमस्कार घाला. तेवढं रोज केलं तरी महिन्याभरात सिल्कवर फरक दिसतो.

रील बघून ड्रॉप

वरच्या दोन्हींचं हे बाळ. रीलमध्ये गुंडाळी कुठल्या बाजूने घेतली ते कळत नाही, बऱ्याच व्हिडिओंत डावं-उजवं उलटलेलं असतं. कापड मांडीच्या पुढून यायचं ते मागून आलं तर ड्रॉपमध्ये ते अडवतच नाही, मूल सरळ खाली. माझ्याकडे ड्रॉप शिकायच्या आधी गुंडाळी डोळे मिटून घालता आणि सोडवता आली पाहिजे, जमिनीपासून हातभर उंचीवर, आणि प्रत्येक वळसा कुठे आहे ते मला बोलून दाखवायचं. दोरीच्या मल्लखांबाचा इथे फार उपयोग होतो, कारण तिथे दोरीला गाठ मारायची नसते, सगळं पकडीवर आणि अढीवर, म्हणजे पायांनी दोरीला घातलेल्या विळख्यावर, त्यामुळे दोरी अंगावर कुठून कुठे गेलीय याचं भान आपोआप येतं. माझं ऐकाल तर आधी एक वर्ष दोरी, मग सिल्क.

लाथ मारून उलटं होणं

हात कमी पडतात म्हणून पोरं पाय झटकून उलटी होतात. त्यात खांदा ओढला जातो आणि मान मागे फेकली जाते. दोन्ही गुडघे छातीशी घेऊन सावकाश पाच आकडे थांबता येत नसेल तर उलटं व्हायचं नाही, विषय संपला.

आता पटापट. पैंजण, कडं, कानातले रिंग, चेन असलेलं जॅकेट काढून ठेवा, कापडाला एक भोक पडलं की ते कापड बाद. नखं कापा. लेगिंग गुडघ्याच्या मागचा भाग झाकणारी हवी, शॉर्ट्स नकोत, काखेतलं आणि गुडघ्यामागचं कातडं पहिल्याच दिवशी सोलतं. केस वर बांधा, लांब वेणी गुंडाळीत अडकते. जेवून दीड-दोन तास झाल्याशिवाय येऊ नका. आणि पुरलेल्या मल्लखांबाच्या बॅचमधून थेट सिल्कवर येणाऱ्यांनी पाय साबणाने धुवा, त्या खांबाला एरंडेल असतं, ते पोटरीला राहतं, मग तुमचा पायही सटकतो आणि तुमच्यानंतर चढणाऱ्याचाही. बॉडी लोशनचंही तसंच. पकड यावी म्हणून लावतात ती राळ थोडी लावा, मूठभर नाही.

एक गोष्ट मात्र पटापट सांगण्यासारखी नाही. स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय फाकवून जमिनीला टेकवणं, व्हावी म्हणून मुलाच्या पाठीवर किंवा मांडीवर बसणं. मी हे शिकवणाऱ्यांना करताना बघितलंय आणि पालकांनाही, मूल ओठ दाबून डोळ्यात पाणी आणतं आणि मोठी माणसं म्हणतात अजून थोडंसंच. वाढत्या वयात हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात, स्नायू तिथेच ओढ देतो. रोज दहा मिनिटं, शरीर गरम झाल्यावर, स्वतःच्या वजनाने, बस. अकरा ते चौदाच्या मधे मूल अचानक उंच होतं, पाय लांब होतात, काल येत असलेली गोष्ट आज येत नाही. त्या काळात "आधी तर यायचं तुला" हे वाक्य घरात कुणी बोलू नका. मी त्या मुलांना परत पहिल्या महिन्याच्या चार हातांवर आणते, सहा-आठ महिन्यांत सगळं परत येतं.

क्लास शोधत असाल तर ट्रायल सेशनला मुलाला चढवून किती वर नेलं ते बघू नका. शिकवणाऱ्या ताईला किंवा सरांना विचारा की हे कापड कधी बसवलं आणि वरचं लोखंड शेवटचं कधी तपासलं. मी माझ्या वहीत प्रत्येक कापडाची तारीख लिहून ठेवते, कुणीही मागितली तर दाखवते.